ख्रिस्ताचा बळी एकदाच झाला, मग प्रभुभोजन पाळकांवाचून का अडावं?

येरळाकाठ (विटा)
आमच्याकडे गावोगाव ख्रिस्ती घरं मोजकी. पाळक एकच आणि त्यांच्या गळ्यात चार गावं. प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ भाकर मोडून द्राक्षरस घेण्याचा विधी) महिनोन्‌महिने होत नाही. गेल्या खेपेला बायकांनी आदल्या रात्री तासगावचे बेदाणे भिजत घातले, पहाटे कुस्करून फडक्यातून रस गाळला, टेबलावर पांढरं कापड घालून काचेचे छोटे पेले मांडले. वाटेत पाळकसाहेबांची गाडी बंद पडली. मंडळीतल्या वडिलांचा (म्हणजे ज्येष्ठ पुढाऱ्याचा) जन्म उपासना चालवण्यात गेलाय, पण ते म्हणाले, "मला अधिकार नाही." गीतं झाली, प्रार्थना झाली आणि भाकर न मोडता लोक घरी गेले.

मला हे पटत नाही. बायबलातलं लेवीय 16 वाचा. वर्षातून एकदा महायाजक (यहुद्यांचा मुख्य पुरोहित) पवित्रस्थानातल्या पडद्याआड देवापुढे जायचा, आधी स्वतःच्या पापासाठी गोऱ्हा, मग लोकांसाठी बकरा. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. इब्री लोकांस पत्राच्या 10व्या अध्यायात याजक रोज उभा राहून तीच अर्पणं करतो, ख्रिस्त मात्र एकच अर्पण करून देवाच्या उजवीकडे बसला. काम संपलं म्हणून बसला! आणि 1 पेत्र 2:9 मध्ये सगळ्या विश्वासणाऱ्यांनाच याजकगण म्हटलंय. प्रोटेस्टंट सुधारक मार्टिन ल्यूथरने 1520 मध्ये हेच उदाहरण घेतलं होतं: काही ख्रिस्ती लोक रानात अडकले, जवळ याजक नाही, त्यांनी आपल्यातला एक निवडला, तर तो खराखुरा याजक. आमचं गाव त्या रानापेक्षा वेगळं कुठे आहे?

अजिंक्यतारा (सातारा)
मी कॅथलिक, म्हणून माझं मत उलटं असणार हे उघड आहे. पण आधी एक गैरसमज दूर करतो. मिस्सामध्ये (आमच्या प्रभुभोजनाच्या उपासनेत) फादर ख्रिस्ताला पुन्हा बळी देतात असं आम्ही मानत नाही. आमच्या चर्चच्या ट्रेंटच्या धर्मसभेने 1562 मध्ये सांगितलं ते असं: अर्पण तेच, अर्पण करणारा ख्रिस्तही तोच, फक्त रीत वेगळी, रक्ताविना. क्रूसावर एकदा झालं तेच वेदीवर आपल्यापुढे येतं.

आता तुमच्या मुद्द्यावर. "सगळी मंडळी पवित्र आहे, मग मोशे आणि अहरोनच वरचढ का?" हा सवाल गणना 16 मध्ये कोरहाने केला होता. जमीन दुभंगून तो गडप झाला, हे तुम्हाला ठाऊक आहे. निर्गम 19:6 मध्ये अख्ख्या इस्राएलाला याजकांचं राज्य म्हटलंय, तरी वेदीपाशी पहिला महायाजक अहरोन याचे मुलगेच उभे राहायचे. एकाने दुसरं रद्द होत नाही. प्रभूने "हे माझ्या स्मरणार्थ करा" म्हटलं तेही त्या रात्री मेजावर असलेल्या शिष्यांना.

येरळाकाठ
भाऊ, कोरहाचा दाखला जड आहे, मान्य. पण याजक अहरोनाच्या वंशातलाच हवा, हा नियम तसाच धरला तर येशूच याजक ठरत नाही! तो यहूदाच्या वंशातला, आणि त्या वंशाबद्दल मोशेने याजकपणाचं अवाक्षर काढलेलं नाही. इब्री 7 मध्ये हे स्वच्छ लिहिलंय. म्हणूनच तिथे मलकीसदेक हा जुना राजा-याजक येतो, ज्याला ना वंशावळ ना लेवीचं, म्हणजे याजकांचं, कूळ. याजकपण बदललं की नियमही बदलावा लागतो, असं तोच अध्याय म्हणतो. येशू मेला तेव्हा मंदिराचा तो पडदा फाटला, मग आपण तो पुन्हा का शिवतोय?

आणि साताऱ्याचेच आहात म्हणून सांगतो. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून तुमच्या साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले, न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती.

मिरजवाली
मी नर्स आहे. हा वाद लहानपणापासून ऐकतेय आणि दर वेळी तो पेला कुणी उचलायचा यावर येऊन थांबतो. इब्री पत्र तिथे थांबत नाही. 13:16 वाचा: उपकार करा, आपल्याजवळचं वाटून घ्या, अशा यज्ञांनी देव संतुष्ट होतो. रात्रपाळीत मरणाच्या दारातल्या माणसाचा हात धरून बसणारी आया त्याचं दुःख देवापुढे नेते. मध्यस्थी आणखी वेगळी काय असते? मिशनरी डॉक्टर वानलेस साहेबांनी 1894 मध्ये मिरजेत दवाखाना उघडला, त्यालाही मी यज्ञच म्हणते.

अजिंक्यतारा
ताई, मनापासून पटलं. आमच्या चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन सभेने 1964 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या सगळ्यांचं याजकपण मान्य केलंच आहे. पण दीक्षित (चर्चने विधिपूर्वक नेमलेल्या) याजकाचं याजकपण फक्त कमीजास्त नव्हे, मुळातच वेगळं, असंही त्याच जागी म्हटलंय. आया सेवा करते म्हणून ती मिस्सा अर्पण करू शकत नाही, आणि त्यात तिचा कमीपणाही नाही.

जतचा पाळक
मी प्रोटेस्टंट आहे, त्यामुळे मी यज्ञ करतो असं मानत नाही. तरीही येरळाकाठ यांच्याशी सहमत नाही. करिंथच्या मंडळीत काय झालं? ज्याने त्याने आपलं जेवण आधी उरकलं, गरीब उपाशी राहिला, कुणी पिऊन तर्र झाला. पौलाला 1 करिंथ 11 लिहावं लागलं. मेजाबद्दल कुणीतरी जबाबदार हवा, ज्याला मंडळी जाब विचारू शकेल. दीक्षा म्हणजे माझ्या लेखी तो जाब. उद्या दोन भावकींत भांडण झालं आणि दोघांनी वेगवेगळी भाकर मोडली, तर मिटवणार कोण?

येरळाकाठ
पाळकसाहेब, जाब हवा हे मान्य. मग मंडळी त्या वडिलांनाही जाब विचारू शकतेच की! ल्यूथरच्या उदाहरणातही लोकांनी मिळून एकाला निवडलं, कुणी आपणहून उठून उभा राहिला नाही. माझी मागणी एवढीच: वरिष्ठ सभेने गावातल्या एका वडिलांची परीक्षा घ्यावी, लेखी नेमणूक द्यावी, वर्षाने हिशेब मागावा. दोन भावकींचं भांडण आजही तेच मिटवतात. ते काम त्यांच्यावर सोपवताना कुणी दीक्षा विचारली नव्हती.

जतचा पाळक
लेखी नेमणूक आणि वर्षाचा हिशेब, यावर सभेत बोलायला मी तयार आहे. पण आजारी माणसाच्या घरी भाकर कुणी न्यायची, हे आधी ठरवावं लागेल. तिथे मी अजून ठाम आहे.