स्पॅम फिल्टर चालतोय हे कशावरून? (अनुभव धागा)

गोव्यात हॉटेलं, दुकानं, संस्था यांचे मेल सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी लिहावं. किस्से नकोत. काय तपासायचं आणि कुठे फसतं, तेवढंच.

पणजी
जीटीयूबीई ही फिल्टर तपासण्यासाठी ठरलेली ६८ अक्षरांची ओळ मेलमध्ये घालून बाहेरच्या खात्यावरून पाठवा. स्पॅमअसॅसिन हा फिल्टर तिला १००० गुण देतो (जितके गुण जास्त, तितका स्पॅमचा संशय). मात्र यातून जोडणी झाल्याचं कळतं, फिल्टर किती हुशार आहे ते नाही. सर्व्हरवरूनच स्वतःला मेल पाठवून समाधान मानू नका, तिथे एसपीएफसारख्या (पाठवणाऱ्या सर्व्हरला त्या डोमेनची परवानगी आहे का) तपासण्या होतच नाहीत.

मडगाव
सगळ्यात जास्त घोळ ब्लॉकलिस्टचा, म्हणजे स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांच्या यादीचा. सर्व्हरवर गूगलचा ८.८.८.८ डीएनएस असेल तर स्पॅमहॉस (अशी यादी चालवणारी संस्था) नीट उत्तर देत नाही. २.०.०.१२७ हा (उलटा लिहिलेला) चाचणीचा पत्ता त्यांच्या झेन यादीत डिग या डीएनएसला विचारणाऱ्या कमांडने विचारून बघा. उत्तरात १२७.०.०.२ दिसायला हवं. १२७.२५५.२५५.२५४ आलं तर समजा, सार्वजनिक रिझॉल्व्हरमुळे (गूगलसारख्या सगळ्यांसाठीच्या डीएनएसमुळे) नकार मिळालाय. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या नियमात उत्तराची मर्यादा (१२७.०.०.[२..११]) लिहिलेली नसेल तर हा नकारही 'यादीत आहे' असाच धरला जातो आणि चांगली मेलंही बाहेर. सर्व्हरवरच अनबाउंड हा स्वतःचा रिझॉल्व्हर बसवा, फॉरवर्डर (प्रश्न दुसऱ्या डीएनएसकडे ढकलणं) न देता.

कळंगुट
हॉटेलवाल्यांनो, स्पॅमअसॅसिनमध्ये ओके_लोकेल्स (कोणत्या भाषांच्या लिपी चालतील ती सेटिंग) फक्त इंग्रजीपुरतं ठेवलंत तर कोई८-आर या रशियन लिपीच्या एन्कोडिंगमध्ये आलेलं रशियन पाहुण्याचं बुकिंग संशयित ठरतं. 'ऑल' ठेवा. आरस्पॅमडी या दुसऱ्या फिल्टरमध्ये ४ गुणांना ग्रेलिस्टिंग (मेल तात्पुरतं नाकारून पुन्हा पाठवायला लावणं), ६ ला हेडर (स्पॅमची खूण), १५ ला नकार, हे मूळ आकडे. ग्रेलिस्टिंगमध्ये मेल किमान ५ मिनिटं अडतं, पाठवणाऱ्याने उशिरा परत पाठवलं तर आणखी. ओटीपी तोवर मेलेला असतो.

म्हापसा
कळंगुटकर बाब, मग ग्रेलिस्टिंग बंदच करायचं?

कळंगुट
नको. ओटीपी पाठवणारी डोमेनं तेवढी वगळा.

फोंडा
बेझला (शिकवलेल्या मेलांवरून स्पॅम ओळखणारा फिल्टरचा भाग) २०० स्पॅम आणि २०० चांगली मेलं शिकवल्याशिवाय तो तोंडच उघडत नाही. चांगल्यांत मराठी-कोंकणी मेलं, देवळाची परिपत्रकं, चवथीची निमंत्रणं हवीतच. नुसतं इंग्रजी शिकवलं तर देवनागरी शब्दांची ओळख त्याला फक्त स्पॅममधूनच होते.

आरस्पॅमडी हे शिक्षण रेडिस या मेमरीत चालणाऱ्या डेटाबेसमध्ये ठेवतो. पावसात लाइट गेली की शेवटच्या सेव्हनंतरचं सगळं पाण्यात, म्हणून अपेंडओन्ली (प्रत्येक बदल डिस्कवरच्या फाइलमध्ये लिहिणं) चालू करा. पण फाइलमध्ये 'येस' लिहून थेट रीस्टार्ट केलंत तर रेडिस रिकामाच उठतो! आधी चालू रेडिसवर कॉन्फिग सेटने लावा, तो फाइल लिहून होईपर्यंत थांबा, मग कॉन्फिग फाइल बदला.

डिचोली
पोस्टफिक्समध्ये मिल्टर_डीफॉल्ट_अ‍ॅक्शन 'अ‍ॅक्सेप्ट' असेल (फिल्टर उत्तर देत नसला तरी मेल घ्या) तर आरस्पॅमडी पडला तरी मेल येतच राहतं, बिनचाळलेलं. मुद्दाम सेवा थांबवून बघा. 'टेम्पफेल'वर पाठवणाऱ्याला ४५१ ('नंतर पुन्हा पाठवा' हा कोड) जायला हवा. आणि सिव्हमधला (मेल फोल्डरांत लावायचे नियम) फोल्डर 'जंक' आणि क्लायंट दाखवतो 'स्पॅम', हे नाव जुळवा, नाहीतर पकडलेलं मेल कोणाला दिसणारच नाही.