पतसंस्थेची नोकरी सांभाळून तीन वर्षांचं एलएलबी जमेल का?

कराडची लेक:
नमस्कार मंडळी. वय ३८, पतसंस्थेत वसुलीचं काम बघते. सहकार कायद्याच्या कलम १०१ खालच्या वसुली दाखल्यांच्या फाइली घेऊन निबंधक कार्यालयात मीच जाते, चेक बाउन्सच्या तारखांनाही मीच. गेल्या महिन्यात कोर्टाच्या व्हरांड्यात एका कर्जदाराची आई हात धरून म्हणाली, "बाई, आमचं घर जाईल का हो?" मी संस्थेची माणूस, तरी मला धड उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून वकिली शिकायचं मनात घेतलंय. बारावी कला शाखेतून, नंतर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची बीए, ५१ टक्के. ही पदवी चालते का? वयाची अट आहे का? एक जण म्हणतो, फी भर आणि फक्त परीक्षेला ये. हे खरं का?

सातारकर वकीलबाई:
ताई, मी ४१ व्या वर्षी प्रवेश घेतला. तुमच्या प्रवेशाला वयाची आडकाठी नाही. खुल्या प्रवर्गाला पदवीला ४५ टक्के लागतात, तुमच्याकडे ते आहेत. बारावी करून मग मुक्त विद्यापीठाची पदवी घेतलीत, म्हणजे तीही चालते. सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, मात्र द्यावीच लागेल.

पण "फक्त परीक्षेला ये" म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. बार कौन्सिलच्या (वकिली आणि तिचं शिक्षण यांचे नियम ठरवणारी संस्था) २००८ च्या नियमांत प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी आहे. त्यांच्याच सप्टेंबर २०२४ च्या परिपत्रकानुसार नोकरी असेल तर ती कॉलेजला कळवायची आणि मालकाचं ना हरकत पत्र द्यायचं. माझ्या वर्गातल्या दोघींनी असल्याच भरवशावर फी भरली आणि ऐन परीक्षेच्या तोंडावर हजेरीवरून अडकल्या. एकीचं वर्ष गेलं. ती जिन्यात बसून रडत होती, ते अजून डोळ्यांसमोर आहे.

आणि खरं शिक्षण प्रात्यक्षिकांच्या पेपरांत आहे, ते बुडवू नका. तीन मूट कोर्ट (म्हणजे सरावासाठीचे लुटुपुटीचे खटले), एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला कोर्टात बसून टिपायचा, शिवाय तीन वर्षांत मिळून किमान १२ आठवडे इंटर्नशिप. मसुदालेखनात दावा, कैफियत, अर्ज असे १५ आणि खरेदीखत, बक्षीसपत्र, मृत्युपत्र असे १५ मसुदे करावे लागतात. माझ्या पहिल्या खरेदीखतात पूर्वेला ओढा, पश्चिमेला रस्ता, उत्तरेला गट नंबर, सगळं नीट होतं. दक्षिणेची हद्द राहिली. सरांनी वही परत केली, "उद्या याच बाजूने भांडण येईल." आज कुठलाही दस्त हातात आला की मी आधी चतुःसीमा वाचते.

वाईकर:
बारावीचा मुद्दा हलका घेऊ नका. माझा मित्र दहावीनंतर थेट पूर्वतयारी परीक्षा देऊन मुक्त विद्यापीठात बीए झाला. सीईटीला चांगले गुण होते, पण कागदपत्र पडताळणीत थांबला. बारावी नसलेल्यांना बार कौन्सिलच्या त्याच नियमांतल्या नियम ५ खाली प्रवेश नाही. दुसरं, पगारी नोकरीत असताना सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, घेऊन वकिली करता येत नाही. सनद घ्याल त्या दिवशी पतसंस्था सोडावी लागेल, घरी आत्ताच बोलून ठेवा. सनदीची नोंदणी फी सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये खुल्या प्रवर्गासाठी ७५० रुपयांवर आणली, नाहीतर पूर्वी हजारोंत जायची. पुढे ऑल इंडिया बार परीक्षाही पास व्हावी लागते.

कराडची लेक:
मनापासून आभार. सोमवारी मॅनेजरसाहेबांकडे ना हरकत पत्राचा अर्ज देते आणि सकाळचे वर्ग कुठे भरतात ते कॉलेजांत प्रत्यक्ष जाऊन बघते. पेपर मराठीत लिहिता येतात का?

सातारकर वकीलबाई:
मी माझे सगळे मराठीत लिहिले. तुमच्या विद्यापीठाचा नियम तेवढा आधी बघा. आणि निकालपत्रं इंग्रजीत वाचायची सवय आत्तापासून लावा, रोज दोन पानं. पहिला महिना डोकं दुखेल.