एक दिव्यांग तर 2 लाख, दोघे दिव्यांग तर 1 लाख: अशाने समाजाची नजर बदलेल?

रामबागकर
आमच्या वधू-वर मेळाव्याच्या बैठकीत हा विषय निघाला आणि वाद अर्धवट राहिला, म्हणून इथे मांडतोय. मध्य प्रदेश सरकारच्या निःशक्त विवाह प्रोत्साहन योजनेत जोडप्यापैकी एक जण दिव्यांग असेल तर 2 लाख रुपये मिळतात, दोघेही असतील तर 1 लाख. जिथे अडचणी जास्त, तिथे मदत निम्मी! म्हणजे ही रक्कम संसाराला नाही, धडधाकट माणसाने ‘पदरात घेतलं’ त्याची आहे. सरकारच असा हिशेब मांडणार असेल, तर स्थळं बघणाऱ्यांना कोणत्या तोंडाने बोलायचं? माझ्या मते ही योजना जुनीच नजर पक्की करते.

सुदामानगरची काकू
अजिबात पटलं नाही. मेळाव्याच्या फॉर्मवर ‘शारीरिक व्यंग असल्यास’ हा रकाना असतो. तो भरला की फोन येणं बंद, हे मी वर्षानुवर्षं बघतेय. 2 लाखांत भाड्याच्या घराचं डिपॉझिट, गॅस, भांडीकुंडी होतात. घरच्यांच्या विरोधात उभ्या राहणाऱ्या मुलाला तेवढा आधार पुरतो. समाज सुधारेपर्यंत पोरींनी थांबायचं का?

रामबागकर
काकू, मदत नको असं कुठे म्हटलं? दोघे दिव्यांग असतील तर कमी का, एवढंच सांगा.

काउंटर नं. 3
मला लहानपणी पोलिओ झाला, पायात कॅलिपर आहे. 1995च्या दिव्यांगांसाठीच्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत आमच्यासाठी 3 टक्के जागा राखीव झाल्या (2016च्या कायद्याने 4), त्यातूनच मी बँकेत लागले. सुरुवातीला लोक मला बघून शेजारच्या खिडकीकडे वळायचे. आमच्या गल्लीतल्या ज्या आजी मला ‘बिचारी’ म्हणायच्या, त्या आज मुदत ठेवीची पावती घेऊन माझ्याचकडे येतात, कारण व्याजाचा हिशेब मी नीट समजावते. लग्नाच्या बक्षिसाने हे झालं नसतं. मुलं एका वर्गात शिकू देत, माणसं शेजारी बसून काम करू देत, सरकारने पैसा तिथे घालावा. इमारती-रस्ते दिव्यांगांना वापरता यावेत म्हणून सुगम्य भारत अभियान 2015मध्ये सुरू झालं, तरी परवा एका कार्यालयात गेले तर रॅम्पच्या तोंडाशीच स्कूटरी लावलेल्या.

छावणीकर
माझं मत वेगळं. धाकाशिवाय काही होत नाही. 2016च्या कायद्यात कलम 92 आहे: दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत जाणूनबुजून अपमान केला तर 6 महिने ते 5 वर्षं कैद आणि दंड. त्याच कायद्याच्या कलम 39ने जनजागृती सरकारवर सोपवली आहे. मग दरवर्षी 3 डिसेंबरला, दिव्यांग दिनी, फुगे आणि भाषणं कशाला? हे कलमच चौकाचौकात लावा.

मधला भाऊ
छावणीकर, कलम लावाल, पण तक्रार लिहून कोण घेणार? माझा थोरला भाऊ आणि वहिनी दोघेही मूकबधिर. आपल्या इंदुरात तुकोगंज ठाण्यात मूकबधिरांसाठी सहायता केंद्र आहे. खुणांची भाषा जाणणारं माणूस समोर असलं की तक्रार पुढे सरकते. अशी सोय प्रत्येक ठाण्यात हवी.
आणि काकू, दादा-वहिनींना 1 लाखच मिळाले. दाराची बेल वाजली की पेटणारा दिवा, रात्री बाळ रडलं की उशीखाली थरथरणारं यंत्र, हा खर्च ऐकू येणाऱ्या घरात नसतोच. त्यांना कमी का?

सुदामानगरची काकू
हे मात्र खरं. दोघांनाही 2 लाख द्या, अर्ज लिहा, पहिली सही माझी. पण योजनाच बंद करा म्हणाल, तर मी विरोधात.