शनिवारचे दोन तास आणि वाचता न येणारी चौथी-पाचवी

परळकर_०७

नमस्कार मंडळी. परळच्या एका कार्यालयातले आम्ही १२ जण शिवडीजवळच्या मराठी माध्यमाच्या एका पालिका शाळेत दर शनिवारी दोन तास शिकवायला जायचं म्हणतोय. चौथी-पाचवीची मिळून ४० मुलं आहेत. शाळा म्हणते, निम्मी अडखळत वाचतात, काहींना अक्षरंही पक्की नाहीत. धडे शिकवावेत की गोष्टी वाचून घ्याव्यात? टॅब द्यावेत, असाही एक आग्रह आहे. वजाबाकीतही बोंब आहे म्हणे. सुरुवात कुठून करावी?

खडूफळा

धडे नकोत, गोष्टीही लगेच नकोत. आधी प्रत्येक मूल नेमकं कुठे आहे ते बघा. ‘असर’ या घरोघरी जाऊन मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या सर्वेक्षणाची वाचन चाचणी २००५ पासून देशभर वापरात आहे आणि ती कुणालाही तासाभरात शिकता येते. चार पायऱ्या: अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट.

चाचणी परिच्छेदापासून सुरू करायची. तो ओघात आणि तीन किंवा त्याहून कमी चुकांत वाचला तर गोष्ट द्या, नाहीतर खाली शब्दांवर या. शब्द मुलानेच निवडायचे. पाचपैकी चार बरोबर आले तर मूल ‘शब्द’ पातळीवर, नाहीतर अक्षरांवर यायचं, तिथेही पाचपैकी चार. एका मुलाला साधारण पाच मिनिटं लागतात. तुम्ही बारा जण आहात, चाळीस मुलं अर्ध्या तासात होतील.

घोळ होतो तो इथे. रांगेतल्या पुढच्या मुलाला ऐकू गेलं की त्याची चाचणी बाद, कारण तो परिच्छेद पाठ म्हणून दाखवतो. म्हणून परिच्छेदाचे निदान चार वेगळे नमुने हवेत आणि मूल एका कोपऱ्यात एकटं बसायला हवं. (एकटं म्हणजे व्हरांड्यात, सगळ्यांच्या नजरेसमोर. दार लावलेल्या खोलीत एक मोठा माणूस आणि एक मूल, हे कधीच नको.) पाठ्यपुस्तकातला उतारा तर अजिबात वापरू नका. पहिलीपासूनचे धडे सुरात म्हणणारी आणि बोट भलत्याच ओळीवर असलेली मुलं पाचवीत सर्रास सापडतात.

मग गट पाडायचे ते पातळीवर, इयत्तेवर नाही. पाचवीतलं मूल अक्षरांच्या गटात आणि चौथीतलं गोष्टीच्या गटात असेल, असू दे. मात्र गटांना ‘हुशार’, ‘ढ’ असा वास येणारी नावं देऊ नका. फळा, खडू, डस्टर चालेल.

पागोळी

वरच्याशी सहमत. अक्षर ते शब्द या टप्प्यावर सगळ्यात जास्त मुलं अडकतात आणि बाहेरून येणारे लोक नेमके तिथेच घाई करतात, म्हणून जरा सविस्तर.

अ ते ज्ञ या क्रमाने जाऊ नका. ज्यांतून लगेच शब्द बनतात ती अक्षरं आधी घ्या: र, म, क, ल, न, ब, स, घ, ग, व, त. यांतून घर, बस, मगर, गवत, कमल, नवल निघतात. बदक ‘ब-द-क’ असं तोडून वाचणारं मूल अक्षरं ओळखतं, पण जोडत नाही. त्याला पुन्हा अक्षरं घोकायला लावून काही होत नाही. ‘बद’ एका दमात, मग ‘बदक’, असं टाळी वाजवत घ्या.

नंतर काना. त्यानंतर वेलांटी, उकार, मात्रा, टिंब, आणि जोडाक्षरं सगळ्यात शेवटी. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते पण उच्चार नंतर होतो, त्यामुळे ‘दिवस’चं ‘इदवस’ होतं. रफाराचं उलटं, ‘सूर्य’मध्ये तो य च्या डोक्यावर बसतो पण आधी बोलला जातो. टिंबाचा उच्चार आंबा, घंटा, पंखा या तिघांत तीन प्रकारचा. चार आणि चारा यांतला च वेगळा. घ-ध, म-भ, ब-व यांची अदलाबदल होते आणि ‘ख’ कित्येकांना ‘रव’ वाटतो. अशा जोड्या एकाच दिवशी शिकवू नका, मध्ये निदान आठवडा जाऊ द्या.

बारखडीचा तक्ता रोज, पण सुरात नाही. मूल तक्त्यावर आडवं, उभं, मधूनच बोट ठेवत वाचेल असं बघा. फरशीवर खडूने अक्षरं लिहून उड्या मारत वाचणं ही कल्पना पोरकट दिसते, पण सुरात म्हणायची सवय मोडायला याच्याइतकं चांगलं काही नाही.

आणखी एक. मराठी माध्यमातल्या बऱ्याच मुलांच्या घरी हिंदी किंवा भोजपुरी बोलतात. त्यांना लिपी येते पण ‘गवत’, ‘पागोळी’, ‘उंबरठा’ असले शब्द ठाऊक नसतात. चूक वाचनाची की शब्दसंग्रहाची, हे विचारूनच ठरवा. अर्थ हिंदीत सांगितला तर चालतो, उगाच सोवळं नको.

हिशेबी

तुमच्या बेताची गडबड शनिवारात आहे. सुट्ट्या, परीक्षा, गणपती, दिवाळी वजा जाता वर्षात तीसेक शनिवार हाती राहतील, म्हणजे साठ तास, आणि दोन शनिवारांमध्ये सहा दिवस विसरायला. अक्षरांच्या गटाला हे पुरत नाही. रोज एक तास, निदान दहा दिवस सलग, असं हवं. ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेने उत्तर प्रदेशात दहा-दहा दिवसांची शिबिरं घेऊन एकूण ५० दिवसांत चांगला फरक घडवला होता. गट पातळीनुसार होते आणि वेळ तेवढ्यासाठीच राखून ठेवलेला होता.

आपल्याकडचं जुनं उदाहरण म्हणजे बालसखी. वस्तीतलीच शिकलेली मुलगी, मागे पडलेली १५ ते २० मुलं, रोज दोन तास. मुंबई आणि बडोद्यात २००१ ते २००३ मध्ये याची रीतसर तपासणी झाली, मुलांचे गुण वाढले. तेव्हा बारा जणांनी पाळीपाळीने जाण्यापेक्षा वस्तीतल्या बारावी झालेल्या दोन मुलींना मानधन द्या आणि तुम्ही साहित्य, चाचण्या, नोंदी सांभाळा.

टॅबचं म्हणाल तर त्याच तपासणीत बडोद्यात चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास संगणकावर गणिताचे खेळ दिले होते. गणित चांगलं सुधारलं. पण वाचनात फरक पडला नाही आणि वर्षभरानंतर गणितातला बराचसा फायदा ओसरला. तुमचा मुख्य प्रश्न वाचनाचा आहे.

परळकर_०७

आभार! मानधनाचं मनावर घेतो. पण बारा जणांचा उत्साह वाया घालवायचा नाही. सहा वार, रोज दोन जण असं केलं तर? आणि वजाबाकी?

हिशेबी

चालेल, पण रोज नवा चेहरा आला की मूल पहिल्यापासून सुरू करतं. म्हणून प्रत्येक गटाची एक वही ठेवा आणि रोज तीनच ओळी लिहा: आज कुठवर आलो, कोण अडलं, उद्या काय. दोन पाळ्यांच्या शाळेत रिकामा वर्ग मिळणार नाही. दुपारच्या सत्रातल्या मुलांसाठी सकाळी वस्तीतल्या समाजमंदिरात तास घेता येईल. जुलैत पाणी तुंबलं की हजेरी निम्म्यावर येते, तेव्हा पहिला दहा दिवसांचा टप्पा ऑगस्टवर ढकला.

खडूफळा

वजाबाकीआधी संख्या ओळखतात का ते बघा. मराठीत एकक आधी बोलतात, त्यामुळे पंचवीस ऐकून ५२ लिहितात आणि एकोणपन्नास ऐकलं की पन्नासच्या घरात शिरतात. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, पण अडचण खरीच होती. तुम्ही दोन्ही म्हणून घ्या.

५२ − २७ चं उत्तर ३५ आलं तर मुलाने लहानातून मोठं जात नाही म्हणून अंक उलटे केलेत. हातचा पुन्हा समजावू नका. काड्यांचे दहाचे पाच गठ्ठे आणि सुट्या दोन द्या, २७ काढायला सांगा. सात सुट्या नाहीत म्हटल्यावर एका गठ्ठ्याचं रबर मूलच सोडतं. तीन-चार दिवस काड्यांवर, मग कागदावर.

पागोळी

वेगाबद्दल राहिलं. केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ या मोहिमेचं लक्ष्य तिसरीअखेर समजून मिनिटाला ६० शब्द असं आहे, पण सुरुवातीला घड्याळ लावू नका, मुलं धावायला लागतात आणि अर्थ सुटतो. शिवाय ‘घरासमोरच्या’ हा आपल्याकडे एकच शब्द मोजला जातो. वाचून झाल्यावर दोन प्रश्न विचारा, त्यातला एक तरी उताऱ्यात थेट उत्तर नसलेला. दहा दिवसांनी पुन्हा चाचणी घेऊन गट हलवा, नाहीतर पहिल्या दिवसाचा गट मुलाला वर्षभर चिकटतो.

आणि परिच्छेद छापाल तेव्हा अक्षर २० पॉइंटपेक्षा लहान नको, शब्द ओळीच्या शेवटी तोडू नका.