पॉपर बर्न डेक: समोरचा शेवटच्या तीन लाइफवर अडकतो, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मॅजिक द गॅदरिंग खेळणारे इथे किती जण आहेत ते ठाऊक नाही. जुन्या धाग्यांत दोन-तीन आयडी दिसले, म्हणून विचारते आहे. प्रश्न लांबलचक आहे, कारण हातात काय होतं आणि मी काय खेळले हे सांगितल्याशिवाय कुणाला काही सांगताच येणार नाही.

पुण्यात आम्ही आठ-दहा जण महिन्यातले दोन रविवार एका मित्राच्या घरी जमतो. सगळे पॉपर, म्हणजे मॅजिकचा एक स्वस्त प्रकार, खेळतो. जे हा खेळ खेळत नाहीत त्यांच्यासाठी: मॅजिक १९९३ पासून आहे. दोघांचे २० लाइफ, ते शून्यावर आले की हार. किमान ६० कार्डांचा डेक, बेसिक लँड (माझे माउंटन, निळ्याचे आयलंड; कार्डं खेळायला लागणारा माना त्यांतून मिळतो) सोडून एका कार्डाच्या जास्तीत जास्त चार प्रती. पॉपरची मुख्य अट अशी की प्रत्येक कार्ड कधी ना कधी कॉमन म्हणून निघालेलं हवं. म्हणून हे आम्हाला परवडतं. तरीही कार्डं येतात ती परदेशातून परतणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून, त्यामुळे "डेक बदल" हा सल्ला मला खरंच उपयोगाचा नाही. आणि मला हाच डेक आवडतो. माझ्या धाकट्या भावाने नोकरीसाठी बाहेर जाताना तो माझ्या हातात दिला, तेव्हापासून दोन वर्षं मी दुसरं काही खेळलेले नाही.

डेक बर्न, म्हणजे बहुतेक कार्डं समोरच्याला थेट डॅमेज देणारी, तो असा: लाइटनिंग बोल्ट, चेन लाइटनिंग, लाव्हा स्पाइक, रिफ्ट बोल्ट, स्क्यूअर द क्रिटिक्स, फायरब्लास्ट, नीडल ड्रॉप, थर्मो-अल्केमिस्ट, केसिग फ्लेमब्रीदर आणि केल्डन मरॉडर्स, प्रत्येकी चार. सिअरिंग ब्लेझ तीन. माउंटन १७. साइडबोर्डमध्ये (पहिल्या डावानंतर बदलून घेता येणारी कार्डं) पायरोब्लास्ट ४, स्मॅश टू स्मिदरीन्स ४, इलेक्ट्रिकरी ३, रेलिक ऑफ प्रोजेनिटस २, फ्लेअरिंग पेन २.

हिशेब सोपा वाटतो. एका मानात तीन डॅमेज देणारी सात कार्डं लागली की २१, खेळ संपला. नवख्यांसमोर तसं होतंही, चौथ्या-पाचव्या टर्नला मी जिंकते. पण आमच्यातले जे तिघे मुरलेले आहेत त्यांच्यासमोर मी नेहमी समोरच्याला तीन-चार लाइफवर आणते आणि तिथेच संपते. गेल्या रविवारचे दोन डाव सांगते.

पहिला, मोनो-ब्लू टेररसमोर, म्हणजे टोलेरियन टेरर हा मोठा प्राणी असलेल्या निळ्या डेकसमोर. त्याचे लाइफ ९, माझे ८. त्याच्याकडे टोलेरियन टेरर, म्हणजे ५/५ (पाच मारणारा, पाच झेलणारा), आणि चार आयलंडपैकी दोन उघडे, म्हणजे माना द्यायला मोकळे. हातात दोन कार्डं. माझ्याकडे तीन माउंटन, हातात बोल्ट, स्पाइक आणि फायरब्लास्ट. तीन, तीन आणि चार, दहा होतात. मी आधी स्पाइक टाकला, लागला. बोल्ट टाकला, तोही लागला. मग मानाऐवजी दोन माउंटन बळी देऊन फायरब्लास्ट, आणि त्यावर त्याने काउंटरस्पेल (स्पेल रद्द करणारं कार्ड) टाकला. तो तीन लाइफवर, माझ्याकडे एक माउंटन, हात रिकामा. दोन टर्नमध्ये टेररने मला संपवलं.

दुसरा, एल्व्ह्ज, म्हणजे एल्फ प्राण्यांच्या हिरव्या डेकसमोर. तोही ९ वर. मी स्पाइक, चेन आणि बोल्ट एकाच टर्नला टाकले. पहिली दोन लागली, तो ३ वर आला. बोल्ट हवेत, म्हणजे टाकलेला पण अजून न लागलेला, असताना त्याने वेदर द स्टॉर्म टाकलं. ते तीन लाइफ देतं आणि त्या टर्नला आधी पडलेल्या प्रत्येक स्पेलमागे त्याची एक प्रत होते. त्या टर्नला आधीच तीन स्पेल पडलेली, म्हणून त्याच्या तीन प्रती झाल्या, मूळ धरून चार. १२ लाइफ मिळवून तो १५ वर गेला आणि माझा बोल्ट लागून १२ वर थांबला. ज्या टर्नला तो मरायला हवा होता त्या टर्नच्या सुरुवातीपेक्षा तो वर गेला. मी खरंच रडवेली झाले होते.

माझे प्रश्न:

एक, जीव घेण्याइतकं डॅमेज हातात असताना थांबायचं कधी? मला वाटतं बर्नमध्ये थांबणं म्हणजे समोरच्याला कार्डं भेट देणं. भाऊही हेच सांगायचा.

दोन, एल्व्ह्जसमोर प्राणी मारायचे की सगळं तोंडावरच टाकायचं? प्राण्यावर टाकलेला प्रत्येक बोल्ट म्हणजे तीन डॅमेज वाया, असं डोक्यात पक्कं बसलंय.

तीन, एका लँडचा हात ठेवावा का? माझी अर्धी कार्डं एका मानात चालतात, म्हणून मी ठेवते. कधी छान जमतं, कधी तिसऱ्या टर्नपर्यंत एकाच माउंटनवर बसून राहते.

चुकत असेन तर सरळ सांगा. वाईट वाटणार नाही.

प्रतिसाद: लाल_डोंगर

ताई, डेक छान आहे. त्यातलं एकही कार्ड बदलू नका, निदान अजून तरी नाही. टेररच्या डावाबद्दलच लिहितो, कारण तिथे तुमच्या हातात जास्त होतं.

तुमची चाल यशस्वी व्हायला एकच अट होती: त्याच्याकडे काउंटर नसणं. निळ्या डेकने दोन आयलंड उघडे ठेवलेत म्हणजे तुम्ही धरूनच चालायचं की काउंटर आहे. आणि फायरब्लास्टची किंमत, म्हणजे दोन माउंटन, तुम्ही स्पेल टाकतानाच भरता. तो काउंटर झाला तर माउंटन परत येत नाहीत. त्यामुळे त्या एका काउंटरस्पेलमध्ये तुमची तीन साधनं गेली.

आता बघा, तुम्ही काहीच न खेळता टर्न दिला असता तर? टेरर पाच मारतो, तुम्ही ३ वर. त्याने दुसरा टेरर आणला तरी तो त्याच टर्नला हल्ला करू शकत नाही. म्हणजे तुमचा आणखी एक पूर्ण टर्न शिल्लक आहे. त्याच्या टर्नच्या शेवटी बोल्ट टाका. तुमचे माउंटन पुढच्या क्षणी उघडणारच आहेत, म्हणजे तो माना फुकटचा. मग तुमच्या टर्नला एक नवं कार्ड. ते तीन डॅमेजचं निघालं आणि लगेच टाकता आलं तर एकूण १३ होतात. त्यातून त्याने फायरब्लास्ट काउंटर केला तरी ९ उरतात आणि तो ९ वरच आहे. तुमच्या चालीत त्याला एक काउंटर पुरला, या चालीत दोन लागतात. शिवाय बोल्टवर त्याने दोन आयलंड वापरले तर ते तुमच्या टर्नला बंदच असतात, कारण त्याचे लँड त्याच्या टर्नला उघडतात.

हमखास जिंकला असता असं नाही. तोही एक कार्ड ओढणार होता. पण थांबणं म्हणजे दरवेळी भेट देणं नव्हे. तुमचे लाइफ हेसुद्धा खर्च करायचं साधन आहे. त्या डावात तुमच्याकडे पाच लाइफ खर्चायला होते आणि त्यातून एक कार्ड विकत मिळत होतं.

१९९९ साली माइक फ्लोरेस यांनी एक मुद्दा मांडला होता, आजही तो शिकवला जातो: प्रत्येक डावात एक जण मारणारा असतो आणि दुसरा थोपवणारा, आणि आपण यातले कोण हे ज्याला चुकीचं कळतं तो हरतो. बर्न जवळजवळ नेहमी मारणारा असतो. म्हणूनच उरलेल्या थोड्या वेळा ओळखणं कठीण जातं.

साइडबोर्डनंतर एक लक्षात ठेवा. टेररला वॉर्ड आहे, टेबलावर आल्यावर त्याच्यावर नेम धरायला दोन माना जास्त लागतात. पण तो हवेत असताना वॉर्ड चालत नाही. तेव्हाच पायरोब्लास्ट टाका, तो निळं स्पेल रद्द करतो. तुमचा एक माना, आणि टेरर स्वस्त करायला त्याने जमवलेला सगळा ग्रेव्हयार्डचा (वापरलेल्या कार्डांचा) ढिगारा त्या टर्नपुरता वाया.

प्रतिसाद: मिलानची_मावशी

मी इटलीत राहते. इथे पॉपरचं फार प्रेम आहे, त्यामुळे एल्व्ह्जशी खूप खेळले आहे. तुझा दुसरा प्रश्न घेते गं.

एल्व्ह्जसमोर पहिल्या तीन टर्न प्राणीच मारायचे. सगळे नाही, दोन: एल्फांमागे माना देणारी प्रीस्ट ऑफ टायटॅनिया आणि वेलविशर. वेलविशर टॅप होताच (आडवा करून वापरला की) प्रत्येक एल्फमागे एक लाइफ मिळतो. सहा एल्फ असले तर एका टर्नला तुझे दोन बोल्ट पुसले जातात, आणि पुढच्या टर्नला पुन्हा तेच. तो आल्या टर्नला टॅप होऊ शकत नाही, तेवढीच खिडकी तुझ्याकडे आहे. तेव्हा त्याच्यावर टाकलेला बोल्ट तीन डॅमेज वाया नसतो. तो नसता तर मिळाले असते ते दहा-बारा लाइफ तू वाचवतेस.

सिअरिंग ब्लेझ तिथे सोन्यासारखा आहे, पण लँड त्याच टर्नला यायला हवा, तरच खेळाडूला तीन आणि त्याच्या प्राण्याला तीन. नाहीतर एक आणि एक. तुझ्याकडे फक्त माउंटन आहेत, म्हणजे तो तुझ्याच टर्नला खेळायचा. तेव्हा तिसरा माउंटन हातात असेल आणि ब्लेझही हातात असेल, आणि समोर अजून मारण्यासारखं काही नसेल, तर माउंटन धरून ठेव. लँड दिसला की खाली ठेवायची सवय आपल्या सगळ्यांना असते.

वेदर द स्टॉर्मचं: हिरव्याकडे दोन माना उघडे असतील तर एका टर्नला एकच स्पेल. एक तुझ्या टर्नला, बोल्टसारखं एखादं त्याच्या टर्नच्या शेवटी. तेव्हा त्याने वेदर टाकलं तरी, त्या टर्नला त्याने दुसरं काही टाकलं नसेल तर, मूळ आणि एक प्रत, सहा लाइफ. बारापेक्षा सहा परवडतात. सस्पेंडमधून (आधी बाजूला ठेवून पुढच्या टर्नला) सुटणारा रिफ्ट बोल्टसुद्धा त्या टर्नचं स्पेल म्हणून मोजला जातो, ते विसरू नकोस. आणि ज्या टर्नला तो प्राणी आणण्यात सगळे माना घालवेल, त्या टर्नला हातातलं सगळं एकदम टाक.

प्रतिसाद: गणित_आवडतं

तिसऱ्या प्रश्नापुरतं, आकडे काढून पाहिले. ६० कार्डांत १७ लँड असतील तर पहिल्या सात कार्डांत नेमका एक लँड यायची शक्यता सुमारे २७ टक्के, एकही न यायची ८ टक्के. म्हणजे दर तीन डावांत एकदा हा प्रश्न तुम्हाला पडणारच.

एका लँडचा हात ठेवला आणि तुम्ही दुसऱ्या क्रमांकाने खेळत असाल, तर दुसऱ्या टर्नपर्यंत दुसरा लँड यायची शक्यता ५२ टक्के, तिसऱ्या टर्नपर्यंत ६७. पहिल्या क्रमांकाने खेळत असाल तर दुसऱ्या टर्नला फक्त ३०. माझा नियम असा: पहिल्याने खेळताना एका लँडचा हात ठेवत नाही. दुसऱ्याने खेळताना ठेवतो, पण हातातली निदान चार कार्डं एका मानाची असतील तरच. फायरब्लास्ट, ब्लेझ आणि दोन अल्केमिस्ट असलेला एका लँडचा हात म्हणजे सरळ मलिगन, हात परत करून नवा ओढायचा. हल्लीच्या नियमात सात ओढून एक तळाला ठेवता येतं, त्यामुळे सहाचा हात पूर्वीइतका वाईट नसतो.

१८ वा माउंटन घातला तर शून्य किंवा एक लँडची शक्यता ३५ वरून ३१ टक्क्यांवर येते. मी नीडल ड्रॉप एक कमी करून तो घातला असता. लाल_डोंगर रागावतील.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. काल रात्री भावाला व्हिडिओ कॉल लावून दोघांनी टेररचा तो डाव पुन्हा मांडला. त्याने निळा डेक घेतला, मी तोच हात घेऊन थांबले. सहा वेळा खेळलो. चार वेळा जिंकले. दोनदा हरले, त्यातल्या एकदा त्याच्याकडे दोन काउंटर निघाले आणि एकदा मला सलग माउंटनच आले. सहा डाव म्हणजे काही पुरावा नाही, पण थांबताना हात थरथरत होता तो शेवटच्या दोन डावांत थरथरला नाही.

गणित_आवडतं दादा, १८ वा माउंटन मी एक फ्लेमब्रीदर काढून घालते आहे. नीडल ड्रॉप ठेवते, तो निदान कार्ड तरी देतो.

आता एकच राहिलं. आमच्यातला तिसरा जण पांढरा डेक खेळतो आणि प्रिझमॅटिक स्ट्रँड्स ठेवतो. लाल रंगाचं सगळं डॅमेज त्या टर्नपुरतं बंद, आणि नंतर पांढरा प्राणी टॅप करून पुन्हा एकदा तेच. डॅमेज अडवू न देणारं फ्लेअरिंग पेन आधी टाकायचं की त्याने स्ट्रँड्स टाकल्यावर?

प्रतिसाद: लाल_डोंगर

त्याने टाकल्यावर. बोल्ट हवेत ठेवून दोन माना हाताशी राखा. त्याने स्ट्रँड्स खर्च केलं की मग फ्लेअरिंग पेन. स्ट्रँड्स आधी लागू झालं असलं तरी चालतं, त्या टर्नला डॅमेज अडवताच येत नाही. आधी टाकलंत तर तो स्ट्रँड्स हातातच ठेवेल. पेनच्या फ्लॅशबॅकला, म्हणजे वापरलेलं कार्ड पुन्हा एकदा टाकायला, एकच लाल माना लागतो, तो समोरच्याच्या दुसऱ्या स्ट्रँड्ससाठी जपून ठेवा.

माउंटनबद्दल रागावलेलो नाही. पुढच्या रविवारचं कळवा.