ओल्ड बेलीतल्या बाईचा पुढचा माग कसा काढायचा?

कोपरीकर: ठाणे कारागृहातून अंदमानला धाडलेल्या कैद्यांबद्दल वाचता वाचता ब्रिटननं स्वतःच्याच बायकांना दिलेल्या ऑस्ट्रेलियातल्या काळ्या पाण्यापर्यंत पोचलो. ओल्ड बेली या लंडनच्या फौजदारी कोर्टाच्या छापील खटल्यांत १८३०च्या दशकातली एक मेरी मिळाली. कापडाच्या चोरीसाठी सात वर्षं. पुढे काय झालं तिचं? नावानं शोधलं तर पन्नास मेरी निघतात.

घोडबंदर_रोड: नाव सोडा, जहाज धरा. ऑस्ट्रेलियातल्या कागदांत कैद्याची ओळख 'अमुक जहाजाची मेरी' अशीच असते. डिजिटल पॅनॉप्टिकॉन या साइटवर ओल्ड बेलीचे खटले पुढच्या नोंदींना जोडलेत, तिथे जहाज मिळतं. जहाज टास्मानियाला गेलं असेल तर नशीब समजा. तिथल्या अभिलेखागाराच्या 'टास्मानियन नेम्स इंडेक्स'मध्ये तिचं वर्तनपत्रक स्कॅन करून फुकट ठेवलंय. १८४३पर्यंत आलेल्यांसाठी 'कॉन ४०' ही नोंदवह्यांची मालिका, त्यानंतरच्यांसाठी 'कॉन ४१'. आधी खटल्याचं ठिकाण आणि तारीख जुळतेय का बघा; इथेच लोक भलत्याच मेरीच्या मागे लागतात. खाली दाटीवाटीनं तारीख, ज्याच्या घरी कामाला लावलं त्या मालकाचं नाव, तिथला गुन्हा, शिक्षा. गुन्हे म्हणजे उद्धटपणा, दारू, न विचारता बाहेर जाणं. 'टी. एल.' म्हणजे तिकीट ऑफ लीव्ह, शिक्षा संपण्याआधी स्वतःचं काम करून राहायची परवानगी, 'सी. पी.' म्हणजे सशर्त माफी, 'एफ. एच. सी.' म्हणजे बायकांचं सुधारगृह. सात वर्षं भरली तरी परतीचं भाडं सरकार देत नसे, त्यामुळे सुटकेच्या नोंदीवर थांबू नका. लग्नाच्या परवानग्याही बघा, त्यानंतर आडनाव बदलतं.

नेरुळ_पूर्व: एक भर. याहून जुने खटले वाचाल तेव्हा मालाच्या किमतीवर विश्वास ठेवू नका. दुकानातून गुपचूप पाच शिलिंगांचा माल उचलला तर फाशी होती, म्हणून ज्युरी मुद्दाम चार शिलिंग दहा पेन्स ठरवायची. घरातल्या चोरीला ३९ शिलिंग दिसले तर तेच, तिथे मर्यादा ४० होती. तो आकडा बाजारभाव नाही, जीव वाचवायची पळवाट आहे.

कोपरीकर: सापडली! दोनदा एफ. एच. सी. दुसऱ्या वेळी कारण गर्भवती. बाळाचं काय व्हायचं?

घोडबंदर_रोड: टास्मानियातल्या होबार्ट शहरात असेल तर बहुधा कॅस्केड्स सुधारगृह, १८२८ला सुरू झालेलं. गरोदर बाई कामाच्या घरातून तिथे परत यायची. दूध तोडलं की बाळ पाळणाघरात ठेवून आईला शिक्षेच्या वर्गात टाकत. त्या वर्गाच्या जॅकेटच्या पाठीवर, उजव्या बाहीवर आणि परकराच्या मागे मोठा पिवळा 'सी'. पाळणाघरांत मुलं फार दगावली, तेव्हा आधी मृत्यूनोंद बघा, मन घट्ट करून. जगलेली मुलं १८३३नंतर होबार्टजवळच्या न्यू टाउनच्या अनाथशाळेत जात. तिथल्या प्रवेशवहीत मुलाच्या नावाबरोबर आईचं नाव आणि जहाजही बघा. सुटलेली आई अर्ज करून मूल परत मागू शकायची.