‘दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व’ की आणखी काही?

पाटीपेन्सिल: एका माहितीपुस्तिकेचं भाषांतर करतोय. ‘डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर’ला, म्हणजे एकाच माणसात वेगवेगळ्या ओळखी आलटून पालटून पुढे येतात त्या मानसिक विकाराला, मराठीत काय म्हणावं? मी ‘दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व’ लिहिलं होतं, तपासणाऱ्या बाईंनी त्यावर लाल रेघ मारली. ‘छिन्नमनस्कता’ चालेल?

उंबरठा: छिन्नमनस्कता अजिबात नको! तो स्किझोफ्रेनियासाठी रुळलेला शब्द. ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञाने १९०८ मध्ये ग्रीक धातूंवरून ‘फाटलेलं मन’ अशा अर्थाने मूळ शब्द घडवला आणि आपण तो जसाच्या तसा मराठीत आणला, गोंधळासकट. स्किझोफ्रेनियात भास होतात, भ्रम होतात. एका माणसात दोन माणसं नांदत नाहीत.

काजळी: बाईंची लाल रेघ बरोबर आहे. ‘दुभंगलेलं’ म्हटलं की आधी काहीतरी अखंड होतं, असं वाटतं. या विकाराचं बालपणीच्या आघाताशी नातं सांगणारी मांडणी नेमकी उलट आहे. लहान मुलाचं ‘मी’पण हळूहळू बांधलं जातं. त्याच वयात मारहाण, लैंगिक अत्याचार वारंवार होत असतील, आणि तेही घरच्याच माणसाकडून, तर पळायला जागा नसते. मग मूल मनातल्या मनात तिथून निघून जातं. रात्री सोसणारा वेगळा, सकाळी दप्तर घेऊन शाळेत जाणारा वेगळा. बांधणीच पुरी होत नाही. मोठेपणी कपाटात आपण घेतल्याचं आठवत नाही अशी साडी सापडते, वहीत अनोळखी अक्षरातला मजकूर दिसतो. लोक आवाज बदलण्याकडे बघतात. मला विचाराल तर हे स्मृतीतले खड्डे जास्त महत्त्वाचे.

१९९४ मध्ये अमेरिकी निदानपुस्तिकेने ‘मल्टिपल पर्सनॅलिटी’ हे नाव बदललं ते याचसाठी. माणसं अनेक नाहीत, एकच आहे, पण त्याची ओळख एकसंध नाही. ‘व्यक्तिमत्त्व विकार’ही लिहू नका, तो मानसिक विकारांचा वेगळाच गट.

उंबरठा: पण हे आघातातून होतं, असं सगळे संशोधक मानत नाहीत हो. सूचना करणारे थेरपिस्ट आणि सिनेमे यांतून अशी लक्षणं घडतात, असं स्पॅनोससारखे मानसशास्त्रज्ञ म्हणत.

काजळी: वाद आहेच. तरी अशा रुग्णांमध्ये बालपणीच्या अत्याचाराचं प्रमाण फार मोठं आढळतं, हेही तुमच्या माहितीपुस्तिकेत यायला हवं.

तुळसकट्टा: आणि ‘अंगात येणं’? आमच्याकडे आधी तेच म्हणतील.

काजळी: अमेरिकी निदानपुस्तिकेच्या २०१३ च्या आवृत्तीत झपाटल्याच्या अनुभवाचा उल्लेख आहे. पण जत्रेत, आरतीला देवी येते तो परंपरेचा भाग, त्याला आजार म्हणत नाहीत. नको असताना येतं, आवरत नाही, संसार विस्कटतो, तेव्हा डॉक्टर गाठावा.

पाटीपेन्सिल: मग ‘विघटित ओळख विकार’ लिहितो, पहिल्यांदा येईल तिथे शेजारी देवनागरीत मूळ नाव. ‘ट्रॉमा’ला ‘आघात’. ‘धसका’ मनात होता, पण तो एका घटनेचा वाटतो. इथे वर्षानुवर्षं चाललेलं असतं. ‘अल्टर’ला, म्हणजे त्या वेगवेगळ्या ओळखींपैकी एकीला, काय? ‘अवतार’ सुचतंय.

तुळसकट्टा: अहो, अवतार नको! लोक हसतील नाहीतर नमस्कार करतील.

काजळी: ‘ओळख-अवस्था’ लिहा. रुग्णाने स्वतः त्यांना नावं दिली असतील, तर उदाहरणात ती नावं तशीच ठेवा.